बाकाची कुळकथा

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीतलं ख्राइस्ट चर्च. रविवारी उपासनेला मंडळी जमते आणि बाकांवर बसते. देवळात आपण सतरंजीवर मांडी घालतो. इथे पाठ टेकायला लाकूड. चर्च म्हटलं की बाक, असं आपण धरूनच चालतो. पण बाक चर्चइतका जुना नाही.

मध्ययुगात इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चमध्ये फरशी मोकळीच असे. लोक उभे राहत, गुडघे टेकत. म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी भिंतीलगत दगडी कट्टा, एवढीच सोय. पुढे हळूहळू लाकडी बाक आले. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेनंतर उपदेशाला महत्त्व आलं. पाद्री तासभर बोलणार, तर ऐकणाऱ्याला बसायला हवंच.

बसायची जागा आली, तशी मानाची भांडणंही आली. धनिकांनी उंच फळ्या ठोकून, दारं बसवून घराण्याचे कप्पे केले; काहींना कुलपं होती. जागांचं भाडं आकारलं जाई. गरिबांच्या वाट्याला उरलेली जागा. पंगतीत कोण कुठे बसतो यावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. १८३९ साली केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी कॅमडेन सोसायटी स्थापली आणि या कप्प्यांविरुद्ध मोहीमच उघडली. देवाच्या घरी सगळ्यांना सारखा, उघडा बाक हवा, हे त्यांचं म्हणणं.

असे बाक पलटणींच्या मागोमाग हिंदुस्थानातही आले. १० मे १८५७ च्या रविवारी, संध्याकाळच्या उपासनेच्या सुमारास, मेरठला उठाव झाला. जूनमध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या संभाजीनगरच्या, छावणीतही हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेचं घोडदळ बिथरलं. त्यानंतर गोरे शिपाई चर्चमध्येही बंदुका घेऊन जाऊ लागले. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ सालचं. तिथल्या बाकांना बंदुका टेकवायच्या खाचा आहेत. प्रार्थनेला जोडलेल्या हातांपासून वीतभर अंतरावर बंदूक! त्या काळची भीती सुताराने लाकडात कोरून ठेवली आहे.

नाव मात्र इंग्रजांचं नाही. ‘बाक’ पोर्तुगिजांच्या ‘बांको’वरून आला, ‘पाद्री’ही त्यांच्याकडचाच. आता बाक शाळेत आहे, दवाखान्यात आहे, एसटी स्टँडवर आहे. तिथे ना कप्पा, ना कुलूप, ना खाच. ‘सरका जरा’ म्हटलं की जागा होते. पिढ्यानपिढ्या ज्या हक्कासाठी माणसं झगडली, तो एवढ्या दोन शब्दांत मिळतो.