समूहाचे शिक्के, ऑनलाइन

समूहाचा शिक्का म्हणजे अनेकांनी मिळून एखाद्याच्या नावावर लावलेली चांगली-वाईट खूण. ठळक उदाहरण ‘शिनिगामी आईज’ या ब्राउझरला जोडायच्या साधनाचे. ट्रान्स व्यक्तींच्या बाजूने उभ्या राहणाऱ्याचे नाव त्यात हिरवे दिसते, त्यांचा द्वेष करणाऱ्याचे लाल. या खुणा साधन वापरणारेच पाठवतात.

रोज टोमणे आणि धमक्या सोसणाऱ्याला समोरचा कोण हे आधी कळावे, ही गरज खरीच आहे. पण ज्याचे नाव लाल होते, त्याला कोणी कळवत नाही. कोणत्या वाक्यासाठी, हेही सांगत नाही. नॉर्वेच्या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने २०२१ मध्ये या साधनावर बंदी घालण्याचा इरादा जाहीर केला.

रायगडच्या किनाऱ्याला असा शिक्का चांगला ठाऊक आहे. तिथे गावकीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत राहिल्या: दुकानदार किराणा देत नाही, लग्नाला कोणी येत नाही, मयतीला खांदा मिळत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा संमत केला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिकतेवरून केलेला भेदभावही त्यात येतो. गावकीत निदान निवाडा करणारे चेहरे ओळखीचे असतात. पडद्यावर नाव लाल करणाऱ्याला चेहराच नसतो, त्यामुळे दाद मागायची कोणाकडे?

नावांच्या अशा यादीची झळ तृतीयपंथीयांनी स्वतः सोसली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात त्यांच्याच नावांची सरकारी नोंदवही ठेवण्याची तरतूद होती.