सिएनाच्या वेदीपटाच्या विखुरलेल्या फळ्या

इटलींतील सिएना नगराच्या प्रधान मंदिरासाठीं दुच्चो दि बुओनिन्सेन्या या चित्रकारानें जो मोठा वेदीपट रंगविला, तो ‘माएस्ता’ या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याच्या मधल्या भव्य चित्राविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही त्याच्या मागील बाजूच्या तळपट्टीवरील लहान फळ्यांचा विचार करणार आहों. त्या फळ्या मूळ क्रमानें लावल्यावांचून त्यांचा अर्थ पुरा लागत नाहीं, असें आमचें मत आहे.

या कामाचा करारनामा ता. ९ ऑक्टोबर १३०८ चा आहे. दुच्चोनें पट स्वतःच्या हातानें रंगवावा, तो पुरा होईतों दुसरें काम घेऊं नये, व प्रत्यक्ष काम केलेल्या प्रत्येक दिवसास त्याला १६ सोल्दी मिळावे, अशा अटी त्यांत आहेत. ता. ९ जून १३११ रोजीं पट मिरवणुकीनें मंदिरांत नेण्यांत आला. त्या दिवशीं दुकानें बंद होतीं, घंटा वाजत होत्या, आणि बिशपासह नगराचे नऊ कारभारी मिरवणुकींत चालत होते. इ.स. १२६० मध्यें माँटापेर्तीच्या लढाईच्या वेळीं सिएनाकरांनीं आपलें नगर मेरी मातेच्या चरणीं वाहिलें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे एवढ्या समारंभाचें कारण कळतें.

पट दोन्ही बाजूंनीं रंगविलेला होता. पुढें संत व देवदूत यांच्या मेळ्यांत सिंहासनावर बसलेली मेरी; मागें येशूच्या अखेरच्या दिवसांचे प्रसंग. दोन्ही बाजूंच्या खालीं तळपट्ट्या होत्या. पुढील पट्टींत येशूच्या बालपणाचे सात प्रसंग, तर मागील पट्टींत त्याच्या उपदेशकाळांतील कथा होत्या. मागील पट्टीच्या आठ फळ्या आज उपलब्ध आहेत.

इ.स. १५०६ मध्यें पट मुख्य वेदीवरून काढण्यांत आला. पुढें इ.स. १७७१ मध्यें पुढची व मागची बाजू निरनिराळ्या ठिकाणीं मांडतां यावी म्हणून तो करवतीनें कापण्यांत आला. मेरीच्या मुखासही त्यांत इजा झाली. मोठीं चित्रें सिएनांतच राहिलीं व इ.स. १८७८ मध्यें मंदिराच्या संग्रहालयांत गेलीं. परंतु लहान फळ्यांपैकीं बऱ्याच परदेशीं गेल्या. मागील तळपट्टीच्या आठ फळ्यांपैकीं दोन सिएनांत, दोन लंडनमध्यें, आणि न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, माद्रिद व फोर्ट वर्थ येथें प्रत्येकीं एक, अशी आजची वांटणी आहे.

क्रमाचें महत्त्व एका उदाहरणानें स्पष्ट होईल. लंडनच्या एका फळीवर जन्मांधास दृष्टि मिळाल्याची कथा आहे. तोच मनुष्य एकाच चित्रांत दोनदां दिसतो: एकदां येशू त्याच्या डोळ्यांस स्पर्श करीत असतां, आणि दुसऱ्यांदा उजव्या टोकास, डोळे धुऊन, काठी टाकून, वर पाहत असतां. फळी एकटी ठेवली तर तो कशाकडे पाहतो, हें कळत नाहीं. परंतु अभ्यासकांनीं ठरविलेल्या क्रमांत तिच्या उजवीकडे येशूच्या दिव्य रूपांतराची फळी येते. नवी दृष्टि मिळालेल्या मनुष्यास जें पहिलें दिसतें, तें प्रभूचें तेजोमय रूप होय. चित्रकारानें हा अर्थ दोन चित्रांच्या सांध्यावर ठेविला होता, आणि करवत नेमकी त्या सांध्यावरून गेली. हें जोडपें लंडन येथें एकाच संग्रहांत आलें, हें सुदैव म्हटलें पाहिजे.

इ.स. २०२४-२५ मध्यें न्यूयॉर्क व लंडन येथील प्रदर्शनांत आठही फळ्या पुन्हां एका ओळींत मांडण्यांत आल्या. प्रदर्शन संपतांच त्या आपापल्या ठिकाणीं परतल्या.

फाटलेल्या कागदाचे दोन तुकडे दोन दप्तरांत सांपडले असतां त्यांचा अर्थ तुटलेल्या कडा जुळविल्यावरच लागतो, हा अनुभव इतिहाससंशोधकास नवा नाहीं. चित्रांचेंही तसेंच आहे. प्रत्येक फळी स्वतंत्रपणें सुंदर असल्यामुळें ती अपुरी आहे, याचें विस्मरण सहज होतें. सौंदर्यानें झांकलेली ही तूट दाखवून देणें, हेंच अशा संशोधनाचें खरें कार्य होय.