पडद्यांवरची नावं

चेन्नईत कर्नाटक संगीताची पहिली शिकवणी कुठेही ऐका, गिंडीत, अड्यारमध्ये किंवा मैलापुरात. मूल एकच काम करत असतं: मायामाळवगौळ रागातले स्वर त्यांच्या नावानं म्हणायचं. स रि ग म प ध नि स, आणि मग उलट. ही सरळी वरिसै. मग जंटै वरिसै, मग अलंकार. हा क्रम परंपरेनं पुरंदरदासांच्या नावावर मांडला आहे. वीणा शिकणारंही हेच करतं, बोट पडद्यावर आणि नाव ओठावर. महिनोनमहिने दुसरं काही नाही.

गिटारच्या शिकवणीत मात्र मेजर स्केल म्हणजे बोटांचा नकाशा असतो. दुसरं बोट, चौथं बोट. खालच्या तारेवर पहिलं, दुसरं, चौथं. पुढच्या तारेवर पहिलं, तिसरं, चौथं. तो नकाशा दोन पडदे वर सरकवला की स्केल बदलतं, बोटं तीच राहतात. झरझर वाजवणाऱ्या विद्यार्थ्याला मध्येच थांबवून ‘आता कोणता स्वर वाजला?’ असं विचारलं, तर तो पडदे मोजायला लागतो. शिक्षक म्हणतात, नावं पाठ कर. विद्यार्थ्याला वाटतं, हे परीक्षेचं लोढणं. या मुकेपणाला चारपाचशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो गिटारच्या जन्माशीच जोडलेला आहे.

१५४६ साली सेव्हिल शहरात आलोन्सो मुदार्रानं विउएला या वाद्यासाठी एक संग्रह छापला. त्यात चार जोडतारांच्या गिटारसाठीही काही रचना होत्या. गिटारचं सर्वात जुनं छापील संगीत ते हेच. ते अंकांत आहे. तारेसाठी रेघ, पडद्यासाठी आकडा. आज इंटरनेटवर ज्याला टॅब म्हणतात तेच, फक्त घरंदाज. पुढे १५९६ साली बार्सिलोनाहून आलेल्या हुआन कार्लोस अमातच्या पुस्तकात कॉर्डनाही आकडे दिले होते. अमात पेशानं वैद्य. त्याला लोकांना लवकर वाजवतं करायचं होतं आणि त्यानं ते केलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गिटार हळूहळू पाच रेघांच्या लेखनाकडे वळली. सोर, कारुल्ली, कार्कास्सी यांच्या पोथ्या त्या वाटेवरच्या. १९५३ साली गिटारवादक सेगोवियाची मेजर-मायनर स्केलांची वही छापून आली. जगभरच्या गिटार-शिष्यांनी ती घोकली. तिच्यात स्वर लिहिलेले आहेत, बोटांचे आकडे आहेत; नाव मोठ्यानं म्हणा, असं सांगणारं कोणी वहीत बसत नाही.

नावांचा उगम मात्र गाणाऱ्यांकडे आहे. इसवी सन १०००च्या आसपास इटलीत ए पासून जी पर्यंतची अक्षरं स्वरांना चिकटली. त्यानंतर काही वर्षांतच आरेत्सोच्या ग्वीदो या साधूनं संत योहानाच्या एका लॅटिन स्तोत्रातून सहा अक्षरं उचलली: उत्, रे, मी, फा, सोल, ला. स्तोत्राची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वर सुरू होत होती, एवढंच त्याला हवं होतं. पोरांना गाणी पाठ करण्यात दहा वर्षं जात. हे काम आपण एक-दोन वर्षांत करून देतो, असं त्यानं एका पत्रात लिहून ठेवलं आहे. जाहिरातीचा सूर आजच्या क्लासवाल्यांनाही ओळखीचा वाटेल. सातव्या स्वराचं ‘सी’ नंतर आलं आणि ‘उत्’चं ‘दो’ सतराव्या शतकात झालं. ग्वीदोचा ‘उत्’ आपल्या षड्जासारखा जागा बदलत असे. पुढे फ्रान्स, इटली, पोर्तुगाल इथे ‘दो’ एका ठरलेल्या पट्टीवर खिळला. पोर्तुगालमार्गे हीच रीत गोव्याच्या चर्चशाळांत पोचली. तिथल्या मेश्त्रीनं, म्हणजे संगीतशिक्षकानं, मुलांना आधी सोल्फा म्हणायला लावलं आणि मग व्हायोलिन हातात दिलं. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोवेकर का लागत, याचं एक कारण या शिस्तीत आहे: कागद समोर आला की ते वाचत आणि वाजवत.

इकडे तमिळ देशात स्वरनावांची वंशावळ याहून जुनी आहे. पुदुक्कोट्टै जिल्ह्यातल्या कुडुमियान्मलै इथे डोंगराच्या कातळावर साधारण सातव्या शतकातला एक शिलालेख आहे. त्यात सात ग्रामरागांसाठी स्वरावल्या कोरल्या आहेत आणि स्वराचं अक्षर स, सि, सु, से असं मात्रा बदलत जातं. या मात्रांचा अर्थ अभ्यासक आजही वेगवेगळा लावतात. पण स्वराची छटा मात्रेनं दाखवायची ही कल्पना इथे टिकली. सतराव्या शतकात तंजावरच्या नायक दरबारात व्यंकटमखीनं ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ लिहून ७२ मेळांचा, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसंचांचा, हिशेब मांडला. त्या मांडणीत र-रि-रु, ग-गि-गु, म-मि, ध-धि-धु, न-नि-नु अशी नावं येतात. सप्तकात जागा बारा, नावं सोळा. चतुःश्रुती ऋषभ आणि शुद्ध गांधार एकाच पडद्यावर राहतात. कोणतं नाव घ्यायचं हे मेळ ठरवतो. गिटारवाल्याला एफ शार्प आणि जी फ्लॅट एकच असूनही दोन का, हा प्रश्न पडतो तेव्हा चेन्नईतल्या कुठल्याही वीणाशिक्षिकेकडे त्याचं उत्तर तयार असतं.

व्यंकटमखीनंतर काही दशकांतच तंजावर भोसल्यांकडे आलं आणि ही वंशावळ मराठी घरातून पुढे गेली. तुळजाराजांच्या नावावर ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ आहे. १७९८ ते १८३२ या काळातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी दरबारात पाश्चात्त्य बँड उभा केला. युरोपीय संगीताच्या स्वरलिप्या त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही आहेत. त्याच राजांच्या नावावर मराठी निरूपणं आहेत, नर्तकींनी नाचायच्या रचनांच्या माळा, आणि त्यांत स्वरजतीही येते. म्हणजे पाच रेघा आणि सरिगम एकाच वाड्यात नांदत होत्या. महाराष्ट्रात बसून आपण हे फारसं आठवत नाही, ही आपलीच उणीव.

मद्रास शहरात या दोन लिप्यांची गाठ कागदावर बांधली ती ए. एम. चिन्नस्वामी मुदलियारांनी. सचिवालयातला हा नोकरदार माणूस. १८९०च्या दशकात त्यांनी कर्नाटक रचना युरोपीय स्वरलेखनात छापायला घेतल्या. सुब्बराम दीक्षितारांकडचा साठा लिहून काढला पाहिजे, हा आग्रहही त्यांचाच, आणि १९०४ साली एट्टयपुरमहून दीक्षितारांचं ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ बाहेर पडलं. त्याच वर्षी मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेत हिंडत होते. मद्रास पाहून ते एट्टयपुरमला दीक्षितारांना भेटले. ७२ मेळांच्या मांडणीचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. पुढे त्यांनी मांडलेल्या दहा थाटांमागे ती आहे. कोमलाखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी, ही आपल्या वह्यांतली खूणही त्यांचीच.

यात पेटीनं आणखी एक बारसं केलं. मराठी गवई ‘काळी चार’ म्हणतो, चेन्नईचा गायक त्याच पट्टीला ‘साडेपाच कट्टै’ म्हणतो आणि गिटारवाला जी शार्प. तिघंही एकाच जागेवर बोट ठेवून आहेत.

मग गिटारवर हे सगळं उतरवणारा कोणी? गिंडीच्या वनातून काढलेल्या जमिनीवर १९५९ साली आयआयटी मद्रास उभी राहिली. तिथून आर. प्रसन्ना यांनी जहाजबांधणीची पदवी घेतली, मग बोस्टनच्या बर्कलीत गेले, आणि गिटारवर गमकांसह कर्नाटक कृती वाजवून त्यांनी नाव मिळवलं. कर्नाटक शिक्षण घेतलेला वादक स्वराच्या नावाशिवाय विचारच करू शकत नाही. वीणेला २४ पडदे, सप्तकाला बारा. गिटारलाही सप्तकाला बाराच. इळैयराजा आणि ए. आर. रहमान यांना पाश्चात्त्य संगीत शिकवणारे धनराज मास्टर याच शहरातले. इळैयराजांनी तर ट्रिनिटी कॉलेजची क्लासिकल गिटारची परीक्षाही दिली. या शहरात तरी नावं आणि बोटं यांची फारकत मान्य करण्याचं कारण नाही.

माझं मत स्पष्ट आहे. नकाशा पाठ करणं चूक नाही, पण आधी नकाशा आणि मग कधीतरी नावं, हा क्रम उलटा आहे. सरळी वरिसैचा क्रम बरोबर. गिटार शिकणाऱ्या मराठी मुलानं सहा तारांवर एकदम झडप घालू नये. सर्वात जाड तार घ्यावी आणि वीणेसारखं लांबीनं वर जावं: मोकळी तार ई, पहिल्या पडद्यावर एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी, आठव्यावर सी, दहाव्यावर डी, बाराव्यावर पुन्हा ई. प्रत्येक स्वराबरोबर नाव मोठ्यानं म्हणावं; वरून खाली येतानाही म्हणावं, कारण अडखळायला होतं ते उतरताना. ई-एफ आणि बी-सी यांच्यात एकाच पडद्याचं अंतर आहे, बाकी सगळीकडे दोन. एवढं पक्कं झालं की दुसरी तार घ्या.