रटूनच्या पोटातला शरद

ऊसतोडीची टोळी शेवटची मोळी बांधून निघाली की बावड्यातल्या ऊसवाल्यापुढे एकच प्रश्न उरतो: रान मोडायचं, की बुडख्यांतून पुन्हा फुटणारा खोडवा ठेवायचा? इंग्रजीत खोडवा ठेवण्यासाठी 'रटून' असं क्रियापद आहे. लंडनच्या सुशिक्षित माणसालाही ते ठाऊक असेलच असं नाही, पण इथल्या इंदापूर तालुक्यातल्या कृषी पदवीधराच्या तोंडी रोजचं.

हा शब्द मूळचा स्पॅनिश. 'ओतोन्यो' म्हणजे शरद. (ऋतू हो; या तालुक्यात खुलासा केलेला बरा.) स्पेनचा उन्हाळा कोरडा, शरदाच्या पावसावर गवत उगवतं, ते 'ओतोन्यार'. त्याला 'पुन्हा' या अर्थाचा 'रे' लागून 'रेतोन्यार' झालं आणि नव्या फुटव्याला 'रेतोन्यो' म्हणू लागले. १४९३ मध्ये कोलंबसाने दुसऱ्या सफरीत कॅरिबियन बेटांवर ऊस नेला. तिथल्या मळ्यांतून हा शब्द इंग्रजांनी उचलला. त्या बेटांवर शरद कसला? ऋतू गळाला, फुटवा तेवढा राहिला.

इंग्रजीत ऊस आपण होऊनही 'रटून' होतो. आपल्याकडे ऊस फुटतो, खोडवा मात्र राखावा लागतो, आणि मला हेच जास्त खरं वाटतं. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटायचे. उंच राहिले तर वरच्या डोळ्यांतून मरतुकडे कोंब येतात. जमिनीखालून आलेला कोंब स्वतःची मुळं धरतो. पाचट पेटवायचं नाही, सरीत दाबायचं, फक्त बुडख्यांवरून बाजूला सारायचं. मग पहारीने भोकं पाडून खत. बेणं नाही, नांगरट नाही, म्हणून 'फुकटचं पीक' समजून जो पाणी सोडून घरी बसतो, त्याचं टनेज काट्यावर दिसतं.

खोडव्यासाठी वाणही तसा लागतो. १९३२ पासून उसावर काम करणाऱ्या पाडेगावच्या संशोधन केंद्राने १९९६ मध्ये को ८६०३२ हा वाण शिफारशीत आणला. नाव दिलं 'नीरा', इंदापूर तालुक्याच्याच दक्षिण हद्दीवरच्या नदीचं. खोडव्याला चांगला म्हणून तो टिकला.

खोडवाही तुटला आणि उसाची बेटं अजून दमदार असली, तर त्याचा पुन्हा निडवा. त्यासाठी इंग्रजीत वेगळा शब्द नाही. 'सेकंड रटून' म्हणून भागवतात.