क्रोमॅटिन विसंवाहक प्रथिने

क्रोमॅटिन विसंवाहक प्रथिने, म्हणजेच इन्सुलेटर प्रथिने, ही पेशीकेंद्रकातील डीएनएच्या ठरावीक क्रमांना चिकटून शेजारच्या जनुकांमधील हद्द राखणारी प्रथिने होत. जनुकाला चालना देणारा डीएनएचा भाग, ज्याला वर्धक म्हणतात, त्या जनुकापासून बराच दूर असू शकतो. त्याची चालना भलत्याच जनुकाला मिळू नये, हे काम विसंवाहकाचे. हे नाव विजेच्या तारेवरून आले असले, तरी शेताच्या बांधाची उपमा अधिक समर्पक वाटते.

पृष्ठवंशी प्राण्यांतील प्रमुख विसंवाहक प्रथिन सीटीसीएफ हे आहे. त्याच्या रेणूत जस्ताच्या अणूंनी स्थिरावलेली ११ ‘बोटे’ असून त्यांच्या साहाय्याने ते डीएनए ओळखते. कोहेसिन या वलयाकार प्रथिनसंकुलाच्या जोडीने ते डीएनएचे फास तयार करते. एका फासातील वर्धक सहसा त्याच फासातील जनुकांना चालना देतो.

अनियंत्रित वाढीशी संबंध

याचे सर्वांत बोलके उदाहरण वाढीस चालना देणाऱ्या आयजीएफ-२ या जनुकाचे आहे. मातेकडून आलेल्या गुणसूत्रावर हे जनुक व त्याचा वर्धक यांच्या दरम्यान सीटीसीएफ बसते आणि जनुक बंद राहते. पित्याकडून आलेल्या गुणसूत्रावर तेथील डीएनएला मेथिल गट जोडलेले असतात, त्यामुळे सीटीसीएफ बसू शकत नाही व जनुक चालू राहते. ही यंत्रणा २००० साली स्पष्ट झाली. विल्म्स अर्बुद या बालकांच्या मूत्रपिंडाच्या कर्करोगात अनेकदा मातेकडील प्रतीवरही मेथिल गट जोडले गेल्याचे आढळते. मग दोन्ही प्रती चालू होऊन वाढीची चालना अतिरिक्त होते. येथे जनुकाच्या क्रमात एकाही अक्षराचा बदल झालेला नसतो. बिघडते ती केवळ हद्द. आयडीएच जनुकातील उत्परिवर्तनामुळे होणाऱ्या काही मेंदूच्या अर्बुदांतही अतिमेथिलीकरणाने सीटीसीएफ निसटते व पीडीजीएफआरए हे वाढीचे जनुक परक्या वर्धकाच्या प्रभावाखाली येते, असे २०१६ मध्ये दाखवण्यात आले.

फळमाशीत विसंवाहक प्रथिने अनेक प्रकारची आहेत. तिच्यातील एल(३)एमबीटी हे प्रथिन ज्या जागी बसते, त्यांपैकी पुष्कळ जागा विसंवाहक प्रथिनांच्याच असतात. त्याच्या अभावी अळीच्या मेंदूची अर्बुदासारखी बेसुमार वाढ होते. एरवी केवळ जननपेशींत चालू असणारी काही जनुकेही तेथे जागी झालेली दिसतात.