पाणी तिथं मुक्काम

बीडमध्ये बघण्यासारखं काय आहे, असं बाहेरचे पाहुणे विचारतात तेव्हा मी त्यांना सोलापूर रस्त्यावरच्या खजाना विहिरीपासून सुरुवात करायला सांगतो. शहरापासून सहाएक किलोमीटरवर, महामार्गाच्या जवळच ती आहे. पाटबंधारे खात्यात आयुष्य गेल्यामुळे कुठल्याही गावात पाय ठेवला की आधी पाणी कुठून येतं हे बघायची मला सवय. त्या नजरेनं हा जिल्हा पाहिला, की इथली देवळं, लढाया, जत्रा, सहली सगळ्या एकाच गोष्टीभोवती फिरताना दिसतात. पाणी होतं तिथं माणूस थांबला आणि जिथं थांबला तिथं काहीतरी उभं राहिलं.

गेल्या श्रावणात बायको, दोन्ही लेकरं आणि आई अशा सगळ्यांना घेऊन मी हाच रस्ता केला. खजाना विहीर, कपिलधार, नायगावचं मोरांचं अभयारण्य आणि शेवटी सौताडा. गुडघे दुखतात म्हणून आईला पुढच्या सीटवर बसवलं होतं. बरोबर बाजरीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी.

विहीर सोळाव्या शतकातली, साधारण १५८२-८३ची. अहमदनगरच्या मूर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानानं ती बांधून घेतली आणि ते काम राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकारानं केलं. लोककथा अशी, की सरकारात भरायचा पैसा सलाबतखानानं या बांधकामावर घातला आणि वरून विचारणा झाली तेव्हा खजिना विहिरीत ठेवलाय, असा निरोप पाठवला. कथेतलं खरं किती ते सोडून द्या. बांधकाम मात्र समोर आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

काठावर उभं राहिलं की वाटतं, मोठ्या घेराची एक जुनी विहीर, एवढंच. खरं काम जमिनीखाली आहे. दक्षिणेकडच्या उंच भागातून झिरपणारं पाणी दोन भुयारांनी विहिरीत येतं आणि उत्तरेच्या तिसऱ्या भुयारानं बाहेर पडून बलगुजार भागातल्या शेतांकडे जातं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. जमिनीचा उतार हेच यंत्र. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचा मेळ बसवलेला असल्यामुळे पातळी फारशी हलत नाही. मलिक अंबरानं खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद, वसवली ती १६१० मध्ये आणि औरंगाबादची प्रसिद्ध नहर त्यानंतरची. म्हणजे आमची विहीर तिच्याहून थोरली. तिथली पाणचक्की बघायला लोक रांगा लावतात आणि इथं महामार्गावरची वाहनं न थांबता पुढं जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण चाळीस वर्षांत आमच्या खात्यानं जे कालवे काढले, त्यातल्या कितींना चारशे वर्षांचं आयुष्य लाभेल, हे मला चांगलं ठाऊक आहे.

लेकरांना मी हे समजावून सांगत होतो, तेवढ्यात आई म्हणाली, “आमच्या पाटोद्याच्या रस्त्याला अशी एक जरी असती, तरी बैलं मेली नसती.”

त्याचा अर्थ पुढं कळला.

बीडच्या परिसरात थांबण्याजोग्या जागा आणखी आहेत. शहरातलं कंकालेश्वराचं मंदिर तर कुंडातच उभं आहे. तीन गाभारे, बाहेरच्या भिंतीवर शस्त्रं घेतलेल्या स्त्रियांची शिल्पं, आणि भोवती पाणी. मुहम्मद तुघलकाचा दात दुखला, पडला आणि बीडजवळ पुरला, अशी नोंद फरिश्त्यानं केलीय. करजनीच्या बाजूला त्या दातावरचा घुमट दाखवतात. बीडमध्ये इतक्या विचित्र कारणानं उभं राहिलेलं दुसरं बांधकाम माझ्या पाहण्यात नाही.

पालीच्या बिंदुसरा तलावाला वळसा घालून रस्ता मांजरसुंब्याच्या घाटात चढतो. वर नाक्यावर चारही दिशांच्या गाड्या रबडीसाठी थांबतात. तिथून जवळ कपिलधार. डोंगराच्या कुशीतला धबधबा आणि शेजारी मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेला महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणातून वीरशैव मंडळी पायी दिंड्या घेऊन येतात. आम्ही गेलो तेव्हा धबधब्याखाली पोरं भिजत होती. आईनं आधी समाधीचं दर्शन घेतलं, मग ओंजळभर पाणी प्यायली. सहल आणि यात्रा हा भेद तिच्या पिढीला कधी करावाच लागला नाही.

नायगावचं अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. ताडोबा बघून आलेल्याला इथं जंगल दिसणार नाही. बोरी, बाभळी, सीताफळ, खुरटं गवत आणि खडक. पण बालाघाटचं खरं रान हेच, आणि मोराला तेच मानवतं. ओढ्याकाठी सावली, उघड्यावर किडामुंगी आणि आजूबाजूच्या शेतात दाणा. धाकटीनं एक पिसारा पाहिला, बाकी सगळे आवाजच. उन्हाळ्यात पाणवठ्यात पाणी टाकावं लागतं, नाहीतर मोर वस्त्यांकडे उतरतो. इथल्या माणसाचंही तेच.

पाटोदा मागं टाकल्यावर आई बोलायला लागली. माझ्या जन्माच्या आधी ती आणि वडील याच रस्त्यानं बैलगाडीतून नगर जिल्ह्यात ऊस तोडायला जायची. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मागोमाग दुसरे उभे राहिले आणि आमच्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल, गाडीत ज्वारीचं पोतं, तवा, कोंबड्या, लेकरं. कारखान्यावर पाचटाच्या कोप्या. कुटुंबाचा रस्त्यावरचा प्रवास म्हटलं की आमच्याकडे आधी हा प्रवास आठवायला हवा.

“कुठं थांबायचं ते मुकादम नाही ठरवायचा,” आई म्हणाली. “हीर जिथं असंल तिथं गाड्या सुटायच्या. आधी बैलं पाजायची, मग आम्ही. एका साली तीन हिरी कोरड्या लागल्या. देवाप्पाची जोडी तिथंच बसली ती उठलीच नाही.”

मग १९७२ आलं. तोडायला ऊसच राहिला नाही. सरकारनं दुष्काळी कामं काढली. पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते. आईनं पाटोद्याच्या पुढं एका वळणावर गाडी थांबवायला लावली. या पट्ट्याची खडी तिनं फोडलेली. मी तेव्हा तान्हा, बाभळीला बांधलेल्या झोळीत. दिवसाची मजुरी आणि वर सुकडी. त्या कामांच्या अनुभवातूनच पुढं रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला, हे लेकरांनी पुस्तकात वाचलेलं होतं. आजीनं फोडलेली खडी याच रस्त्याखाली आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. आज वरती डांबराचे कितीतरी थर आहेत. तरी ती चप्पल काढून त्या कडेला उभी राहिली.

सौताड्याला विंचरणा नदी खोल दरीत कोसळते, तळाशी रामेश्वराचं देऊळ. पायऱ्या आईला झेपणार नव्हत्या, म्हणून आम्ही आळीपाळीनं उतरलो. वरच्या कठड्याशी बसून मी थोरल्याला खर्ड्याची लढाई सांगितली, कारण खर्डा पलीकडच्या जामखेड तालुक्यातच. ११ मार्च १७९५. निजाम अलीचं सैन्य दिवसा पुरतं मोडलेलं नव्हतं. रात्री घोड्यांना पाणी शोधत निघालेली मराठ्यांची एक लहानशी तुकडी ओढ्यावर आली, तिथं निजामाचे लोक होते. गोळ्या सुटल्या, अंधारात गोंधळ माजला आणि अख्खी फौज खर्ड्याच्या किल्ल्याकडे पळाली. तिथं कोंडून पडल्यावर तहानेनं हाल झाले आणि तह करावा लागला. याच निजाम अलीला ३२ वर्षांपूर्वी, १० ऑगस्ट १७६३ रोजी, आमच्याच गेवराई तालुक्यात राक्षसभुवनला गोदावरीनं अडवलं होतं. फौज नदी ओलांडत असताना, निम्मी पलीकडे असतानाच पेशव्यांनी गाठलं आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. एकदा पाणी जास्त होतं म्हणून हरला, एकदा कमी होतं म्हणून.

या लढायांची पुस्तकं आहेत, विहिरीच्या राजा भास्कराचंही नाव टिकलं. गाड्यांच्या मुक्कामांचं मात्र कुठं काही लिहिलेलं नाही आणि रस्ता रुंद होताना त्यातल्या विहिरी बुजत चालल्यात. आता टोळ्या ट्रक-ट्रॅक्टरनं एका रात्रीत पोचतात. म्हणून परतल्यावर मी खात्याचा जुना नकाशा काढला आणि आई सांगेल तशा खुणा करायला बसलो. सौताड्यानंतर जामखेड, मग आष्टी, कडा, चिचोंडी. कड्याला नदी होती म्हणून तिथं दोन रात्री. जामखेड आणि आष्टीच्या मधला एक मुक्काम तिला अजून आठवत नाही. तिच्याबरोबर गेलेल्या एक मावशी पाटोद्यात आहेत, त्यांच्याकडं आता जायचं आहे.