कषाय, ओर्ता आणि तुळस

पाऊस लागला की आमच्याकडे कषायाचे भांडे चुलीवर चढते. धणे-जिरे मंद भाजायचे, जाडसर कुटायचे, आले-गूळ घालून उकळायचे. वैद्यांचा काढा याहून कडक. शार्ङ्गधरसंहितेचा दंडक असा, की १६ पट पाणी घालून आठवा भाग उरेपर्यंत आटवायचे.

इथल्या औषधींवरचा पहिला छापील ग्रंथ १५६३ सालचा, आणि तो छापला गेला गोव्यातच! लेखक गार्सिया द ओर्ता, १५३४ मध्ये इथे आलेला पोर्तुगीज वैद्य. ग्रंथ संवादरूप आहे. त्यात अंतोनिया नावाची दासी औषधी आणून दाखवते आणि मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलतो. मला ओर्तापेक्षा या दोघांचेच कुतूहल जास्त. मालुपा हे नाव तर कानाला अगदी आपलेच वाटते.

ओर्ता छुपा ज्यू असल्याचा ठपका ठेवून इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून जाळली. पुढे १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांच्या दारची तुळसही बंद केली. काढ्यात पडणारी तीच तुळस! फर्माने किती पाळली जातात हे आम्हा कारकुनांना ठाऊक असते म्हणा. कषाय मात्र हिंदू आणि ख्रिस्ती, दोन्ही घरांत उकळत राहिला.